जुने गिऱ्हाईक

‘जुने गिऱ्हाईक’ या शब्दाला आमच्या आळीत अजून मान आहे. वाणी जुन्या गिऱ्हाइकाला मूठभर डाळ वरून घालतो, महिनाअखेरीस उधारी देतो. (ती त्याने भावात आधीच धरली असेल, म्हणा!) कंपन्यांचे गणित उलटे. नव्याला ओढायला दर उतरवायचा आणि ती तूट, जो मुकाट्याने भरत राहतो त्याच्याकडून दरवर्षी थोडी थोडी काढायची. ब्रिटनमध्ये घराच्या व मोटारीच्या विम्यात हे सर्रास चाले. २०१८ साली तिथे सुमारे ६० लाख विमेदार असा चढा हप्ता भरत होते. सरासरी दर लागता तर त्यांचे १२० कोटी पौंड वाचले असते, असे तिथल्या वित्तीय नियामकाने काढले. अखेर १ जानेवारी २०२२ पासून, तशाच नव्या गिऱ्हाइकाहून जुन्याला जास्त दर सांगण्यास बंदी आली.

आमच्या घरच्या इंटरनेटला यंदा नूतनीकरणाचे महिना ६०० रुपये पडले. शेजारच्या नव्या बिऱ्हाडाला तेच ४०० मध्ये. मी आप्पांना म्हटले, “जोडणी तोडतो म्हणून फोन करा, लगेच उतरतील.”

“तोडायची नसताना तोडतो म्हणू?” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी ६०० भरले.