पंचवीस दिवसांचा खोकला

सेकंड शिफ्ट संपवून मी बारा वाजता बिडकीनला घरी पोचलो, तेव्हा पोरगं झोपलेलं होतं. दिवसभर नाक गळत होतं आणि अंगात थोडी कणकण होती, एवढंच. जेवण करून आडवा झालो. एकच्या सुमारास कुत्रं भुंकल्याचा आवाज आला, तोही अगदी कानाजवळ. मला वाटलं, गल्लीतलं कुत्रं ओट्यावर चढलंय. बायकोने लाइट लावला. आवाज आमच्या पावणेदोन वर्षांच्या मुलाच्या घशातून येत होता.

खोकल्यापेक्षा जास्त भीती दोन खोकल्यांच्या मधल्या श्वासाची वाटली. श्वास आत घेताना ओलं लाकूड करवतीने कापल्यासारखी घरघर यायची आणि गळ्याखाली खळगा पडायचा. तो रडला की घरघर वाढायची, वाढली की तो घाबरायचा, घाबरला की आणखी रडायचा. आई मीठ-मोहरी आणायला धावली. बायकोने वाफेसाठी पाणी ठेवलं. मी मोबाइलचा टॉर्च लावून जबरदस्तीने त्याचा घसा बघायला गेलो. तिघांपैकी सगळ्यात चुकीचं काम मी केलं होतं, हे नंतर कळलं.

शेजारच्या नानांना उठवलं. त्यांनी काही न विचारता गाडी काढली. पैठण रोडला लागलो, डिसेंबरची थंडी होती. बायकोने काच वर केली. पण पोरगं काचेवर हात मारायला लागलं, म्हणून तिने ती परत खाली घेतली. चितेगाव गेलं. नक्षत्रवाडीपर्यंत आलो तेव्हा गाडीत एकदम शांतता वाटली. मी मागे वळून बघितलं. तो जागा होता. आईच्या शालीतून नुसतं तोंड बाहेर काढून रस्त्यावरचे दिवे बघत होता. घरघर होती, पण निम्मी.

शहरातल्या डॉक्टरांनी त्याला हातही न लावता आधी लांबूनच मिनिटभर बघितलं. "त्याला आईच्या मांडीवरच राहू द्या," ते म्हणाले. मग तीन प्रश्न विचारले. सगळ्या लसी झाल्यात का? संध्याकाळी शेंगदाणे, फुटाणे असं काही तोंडात टाकलं होतं का? तोंडातून लाळ गळतेय का? लसी झाल्या होत्या. बाकी दोन्हींना नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. "क्रूप आहे," म्हणाले.

मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. क्रूप म्हणजे स्वरयंत्र आणि त्याच्या खालची श्वासनळी सुजणे. बहुतेक वेळा कारण साध्या सर्दीच्या कुळातलाच एखादा विषाणू असतो, जास्त करून पॅराइन्फ्लूएन्झा. सहा महिने ते तीन वर्षं या वयात तो जास्त दिसतो आणि रात्रीच बळावतो. मोठ्या माणसाला तोच विषाणू लागला, तर नुसता आवाज बसतो.

असं का, ते मला डॉक्टरांनी सांगायच्या आधीच कळायला हवं होतं. मी कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर बोअरचे व्यास मोजतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. तान्ह्या बाळाची श्वासनळी सर्वांत अरुंद जागी साधारण ४ मिलिमीटर व्यासाची असते. तिला चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर त्रिज्या दोनावरून एकावर येते. मोठ्या माणसाची नळी ८ मिलिमीटर धरली, तर तेवढ्याच सुजेने अडथळा जेमतेम तिप्पट होतो. त्यात रडताना हवा जोरात ओढली जाते, प्रवाह खळबळतो आणि अडथळा आणखी वाढतो. म्हणून मूल शांत ठेवणं हा क्रूपमध्ये इलाजाचाच भाग आहे, आणि मी टॉर्च घेऊन नेमकं उलटं करत होतो.

त्याला डेक्सामेथासोन नावाच्या स्टेरॉइडचा एकच डोस तोंडाने दिला. "याने सूज उतरेल, पण दोनेक तास लागतील. फारच त्रास असता, तर अॅड्रिनलिनची वाफ दिली असती. तिचा परिणाम लगेच होतो, पण तो ओसरतोही लवकर, म्हणून तीन-चार तास बसवून ठेवावं लागतं." आम्ही तरीही पहाटेपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसलो. निघताना डॉक्टरांनी बजावलं: शांत बसलेला असतानाही घरघर ऐकू आली, बरगड्यांखाली खड्डे पडले, लाळ गळायला लागली, ओठ निळसर झाले किंवा मूल मलूल पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. गाडी नसली तर १०८ लावायचा.

मी उघड्या काचेचं विचारलं. ते हसले. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या डॉक्टरांनी याचीच चाचणी घेतली होती, ती २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम क्रूप झालेल्या ११८ मुलांना स्टेरॉइड दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बाहेरच्या थंडीत बसवलं आणि निम्म्यांना खोलीतच. अर्ध्या तासाने थंडीतल्या मुलांमध्ये बरं वाटलेली मुलं जवळपास दुप्पट होती. तासाभराने मात्र दोन्ही गट सारखेच झाले. थंड हवेने औषध लागू पडेपर्यंतचा वेळ मिळतो, एवढंच. वाफेचा उपयोग सिद्ध झालेला नाही, उलट उकळत्या पाण्याने पोरं भाजतात.

मग त्यांनी विचारलं, "सर्दीला घरी काय दिलं होतं?"

मी बाटलीचं नाव सांगितलं. पावसाळ्यातल्या सर्दीच्या वेळी एका मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेलं सिरप उरलं होतं. त्यातलं अर्धा चमचा मी दुपारी कामावर जाण्याआधी पाजलं होतं. त्यांनी मोबाइलवर बाटलीचा फोटो काढून मला मोठा करून दाखवला. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन. या जोडीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच कंपन्यांना सांगितलं होतं. मी रोज कारखान्यात लेबल नसलेला पार्ट परत पाठवतो. पोराला पाजताना लेबल वाचलं नव्हतं.

क्रूप दोन रात्रींत गेला. खोकला राहिला.

भुंकणं थांबलं होतं. आता ओला, घरंगळणारा, रात्री अकराला आणि पहाटे चारला हमखास येणारा खोकला होता. आठव्या दिवशी शेजारीण म्हणाली, डांग्या खोकला असेल. बाराव्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला, चांगला डॉक्टर बघा. आणि रोज संध्याकाळी आई म्हणायची, "अरे, लेकराला काहीतरी दवा दे."

पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, औषध नाही. मला राग आला. फी घेतात आणि औषध नाही म्हणतात! त्यांनी एक आकडा दिला. सर्दीबरोबर आलेला मुलांचा खोकला दहातल्या नऊ मुलांत बरा व्हायला २५ दिवस लागतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली तसा अभ्यास आला होता. आपण पाचव्या दिवशी घाबरतो, दहाव्या दिवशी डॉक्टर बदलतो, विसाव्या दिवशी कुणाच्या तरी औषधाने 'गुण येतो'. त्या वेळेला तो तसाही जाणार असतो.

मी कालनिर्णयवर रोज रात्रीच्या उबळी लिहायला लागलो. मोजणं मला जमतं. तो झोपला की पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. आमचे २८, ३०, २६ येत होते. डासांची कॉइल बंद केली, मच्छरदाणी लावली. आईची उदबत्ती अंगणातल्या तुळशीपाशी गेली. रस्त्याच्या कामाची धूळ मात्र माझ्या हातात नव्हती.

एकोणिसाव्या रात्री त्याला खोकताखोकता उलटी झाली. सगळं दूध पडलं. मी चादर बदलत होतो, तेवढ्यात आई हातात बाटली घेऊन दारात उभी राहिली. तीच, अर्धी उरलेली. मी फेकून दिली आहे असं समजत होतो.

"आई, ती नको."

"एवढासा घोट. त्याला झोप तरी लागंल."

मी चिडून छिंदवाड्याचं सांगितलं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात साध्या सर्दी-तापाला सिरप पाजलेली वीसहून जास्त मुलं मूत्रपिंडं बंद पडून गेली. त्यातली कितीतरी उपचाराला आपल्या नागपूरला आणली होती. सिरपच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. परवानगी ०.१ टक्क्याची. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले होते, त्यावर लेंटिन आयोग बसला होता. छिंदवाड्यानंतर केंद्राने पुन्हा कळवलं, दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं नकोतच आणि पाचाखाली सहसा नकोत. मी हे सगळं एका दमात बोललो.

आई ऐकत राहिली. मग पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "माझा धाकटा भाऊ असाच खोकत होता. घशात पांढरं आलं. गावात द्यायला काहीच नव्हतं. आम्ही नुसतं बघत बसलो."

मला मामा एकच माहीत होता. दुसरा होता, हे चौतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. तो घटसर्प होता. श्वासनळीवर पांढरा पापुद्रा धरणारा घटसर्पही एके काळी क्रूप म्हणूनच ओळखला जायचा. आईचा भाऊ गेला त्यानंतर काही वर्षांनी, १९७८ साली, देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला. आता सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट मिळते, तिच्यात घटसर्पही येतो आणि डांग्या खोकलाही. आमच्या आशाताई त्या तीन तारखांना घरी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या रात्री दवाखान्यात 'सगळ्या लसी झाल्यात' हे मी सहज बोलून गेलो, आणि डॉक्टरांचा चेहरा सैल झाला, तो याच्यासाठी.

आईला मी अडाणी समजत होतो. तिच्या हातातली बाटली म्हणजे तिच्या दृष्टीने, 'यावेळी आपण नुसतं बघत बसलो नाही', एवढंच होतं. आकडे माझ्याकडे होते, आठवण तिच्याकडे होती.

"आई, यावेळी द्यायचं ते आधीच दिलंय," मी म्हणालो. "लस दिलीय. आता वाटच बघायचीय."

ती काही बोलली नाही. मी डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट पुढे केली. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो, त्याने रात्रीचा खोकला थोडा हलका होतो. वर्षाच्या आत मात्र चाटवायचासुद्धा नाही, बोट्युलिझमचा धोका असतो. याच मधावरून बाळ जन्मल्यावर आमचं भांडण झालं होतं. आई उठली, स्वयंपाकघरातून मध आणला आणि बोटाने त्याला चाटवला. त्याने बोट चोखलं, आणखी मागितलं. त्या दिवसापासून रात्रीचा मध हे आजीचं काम झालं. बाटली मी तिच्यासमोर मोरीत रिकामी केली, तेव्हा तिनेच नळ सोडला.

कालनिर्णयवर एकविसाव्या रात्री चार उबळी आहेत. बाविसाव्या रात्री दोन. तेविसाव्या रात्री शून्य. त्या रात्री मी चार वाजता आपोआप जागा झालो आणि खोकला आला नाही म्हणून उठून त्याचे श्वास मोजले. आई दारात उभीच होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि झोपायला गेलो.

मागच्या आठवड्यात अंगणातून पुन्हा तोच आवाज आला. बायको पोळी तव्यावर टाकून धावली, मी एका पायात चप्पल घालून धावलो, आई आमच्या आधी पोचली होती. पोरगं फाटकाला लटकून गल्लीतल्या कुत्र्यावर भुंकत होतं. कुत्रं शेपटी हलवत होतं. आम्हा तिघांना एकदम आलेलं बघून त्याला फार मजा वाटली, आणि तो परत भुंकला.