खोगीरभरती

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारे प्रवासी फुलंब्रीस सहसा उतरत नाहींत. चौक्याचा घाट मागें पडला आणि गिरिजेचें पात्र दिसूं लागलें, कीं त्यांचें चित्त पुढच्या चित्रांकडे धांव घेतें. आमचाही या गांवाशीं परिचय होता तो एवढाच. परंतु गेल्या हिंवाळ्यांत एका खोगिराच्या निमित्तानें तेथें दोन दिवस काढण्याचा योग आला, आणि मराठींतील एका शब्दावर आपण केवढा अन्याय करीत आलों आहों हें ध्यानांत आलें.

आमच्या वडीलबंधूंचें शेत या बाजूस आहे व त्यांनीं हौसेनें एक घोडी बाळगली आहे. मोटारीच्या दिवसांत घोडी कशाला, असें घरांतील मंडळी विचारतात. मुलें सुटींत तिच्यावर बसावयास शिकतात, एवढाच तिचा उपयोग. या खेपेस जाऊन पाहतों तों मानेच्या मुळाशीं, दोन खांद्यांच्या वर, सूज आलेली आणि मध्यें रुपयाएवढी कातडी सोलवटलेली. काकांनीं तेथल्या तेथें निकाल दिला, "घोडी विका, नाहींतर नवें जीन आणा." जीन आणण्याइतका खर्च कोणी करणार नाहीं हें सर्वांस ठाऊक होतें. पुतण्या त्या दिवशीं जेवला नाहीं.

जीन आणि खोगीर यांतील भेद येथें सांगितला पाहिजे. जिनाच्या पोटांत सांगाडा असतो, बहुधा लाकडाचा. स्वाराचें वजन तो दोहों अंगांस वांटून देतो व कण्यावर भार येऊं देत नाहीं. खोगिरास सांगाडा नाहीं. तें म्हणजे भरून शिवलेली गादी. घोड्याच्या पाठीशीं मिळून बसणें हा तिचा गुण. पण आंतील भरती बिघडली, कीं तीच गादी पाठीची वैरीण होते. घाम टिपणारें, असा या शब्दाचा मूळ फारसी अर्थ. मराठ्यांच्या फौजेंत बारगिरास घोडें सरकारांतून मिळे, शिलेदार मात्र स्वतःचें घोडें व सामान घेऊन चाकरीस येई. तेव्हां खोगीर उसवलें तर तें कोणाच्या पदरच्या पैशानें शिवावयाचें हें निराळें सांगावयास नको. फुलंब्रीच्या पूर्वेस, भोकरदनाच्या बाजूला असई आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांची फौज व वेलस्लीची पलटणें यांची लढाई झाली. या मुलखानें त्या सालीं किती खोगिरें पाहिलीं असतील! जीन-खोगीर करणाऱ्या जिनगरांचें नांव अजून आडनांवांत ऐकूं येतें. कसब मात्र शोधीत हिंडावें लागतें.

फुलंब्रीच्या बाजारांत बैलांचें सामान व वहाणा दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. सगळे त्यांस मामा म्हणतात, म्हणून आम्हींही म्हटलें. खोगीर पुढें ठेवतांच त्यांनीं विचारलें,

"घोडी कुठं हाय?"

"शेतावर."

"मग हे कुणाच्या पाठीला बसवू, भाऊ? फाटलेलं शिवून देतो, घंटाभराचं काम. पण दुखणं आत हाय."

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें घोडी चालवीत आणली. मामांनीं आधीं तिच्या पाठीवरून हात फिरविला, मग खोगीर मांडीवर उलटें घेऊन दोन्ही तळहातांनीं चाचपलें. डावीकडे दगडासारखी गांठ, उजवीकडे पोकळ. मध्यें कण्यावर जी रिकामी पन्हळ राहावयास हवी ती पार बुजलेली. टांके उसवतांच आंतून कापसाचे घट्ट गोळे, गोणपाटाच्या चिंध्या आणि एका जुन्या रजईचा तुकडा निघाला. आधींच्या कोणा दुरुस्ती करणारानें पोकळी दिसली तेथें हाताशीं येईल तें कोंबलें होतें.

निरुपयोगी गोष्टींच्या गर्दीला आपण खोगीरभरती म्हणतों. (मासिकांच्या पानांनाही टीकाकार तोच शब्द लावतात; आम्हांस तो अनुभव आहे.) पण मामांचा सारा दिवस त्या भरतींतच गेला. धनगरांकडून घेतलेली लोकर त्यांनीं बोटांनीं पिंजून मऊ केली, आणि चिमटी-चिमटीनें, एकदां या अंगास व एकदां त्या अंगास, भरीत गेले. कापूस घामानें भिजून गोळा होतो. लोकर दबते खरी, पण पुन्हा फुलून येते. दर थोड्या वेळानें ते डोळे मिटून दोन्ही बाजू दाबून पाहात.

तंगाचा पट्टा बाहेरून धडधाकट दिसत होता. त्यांनीं एक हिसका दिला मात्र, घामानें कुजलेली शिवण तटकन् सुटली. मूल वर बसलें असतां ती सुटती तर काय झालें असतें, हा विचार आम्हीं बोलून दाखविला नाहीं. आरीनें भोंक पाडून, मेण लावलेला दोरा दोन सुयांनीं दोन्ही बाजूंनीं ओवीत त्यांनीं नवी शिवण घातली. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो.

शेवटीं खोगीर घोडीच्या पाठीवर नुसतें टेंकविलें. मामांनीं पुतण्यास मागें उभें करून पन्हळींतून बघावयास लावलें. पलीकडचा उजेड आरपार दिसला आणि जखमेस कोठें स्पर्श झाला नाहीं, तेव्हां त्यांनीं मान हालविली. त्यास शिकविलें तें असें: स्वारी झाल्यावर खोगीर काढून पाठ पाहावी. सारखी ओली असली तर ठीक. घामांत एखादा सुका डाग दिसला, तर भार तेथें आहे असें समजावें. तिकडे दुर्लक्ष केलें, तर पुढें त्याच जागीं पांढरे केस येतात. खोगीर सावलींत वाळवावें, उन्हांत कातडें तडकतें.

पाठ भरून नवे केस येईपर्यंत खोगीर चढवावयाचें नाहीं, अशी अट घालूनच मामांनीं मजुरी घेतली. त्यामुळें परततांना घोडी मोकळी चालली होती, आणि खोगीर पुतण्याच्या डोक्यावर होतें. आम्हीं तें घेऊं म्हटलें, तो देईना.