पर्क, तुझी जागा आता पाण्याला दे

पर्क्लोरोइथिलीन,

ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात तुला नुसतं पर्क म्हणतात. मायकेल फॅरडेने १८२१ मध्ये तुला तयार केलं. धुलाईच्या यंत्रांत तू आलास तो शतकभराने. तुझ्याआधी कपडे पेट्रोलसारख्या द्रवांत धुतले जायचे आणि दुकानं पेटायची. तू पेट घेत नाहीस, लोकर आटवत नाहीस, तेलाचा डाग मात्र काढतोस. तुझे हे उपकार खरे आहेत.

पण आगीची भीती गेली आणि धोका श्वासात शिरला. तुझ्या वाफेने डोकं दुखतं, चक्कर येते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली तर यकृत आणि मूत्रपिंडं झिजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तुला माणसांत बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवलं आहे. तिच्यापुढे ड्रायक्लीनिंगच्या कामगारांतल्या मूत्राशयाच्या कर्करोगाचे अभ्यास होते. आमचा शालू वर्षाकाठी एकदा धुलाईला जातो. यंत्राचं दार उघडणारा माणूस रोज तुझ्यासमोर उभा असतो. हे मला सहन होत नाही.

आणि पाणी! नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लेजून या लष्करी तळावर टरावा टेरेस नावाची वसाहत आहे. शेजारच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या सांडपाण्याच्या टाकीतून तू जमिनीत मुरलास. पाण्याहून दीडपटीहून जड असल्याने तू भूजलाच्या तळाशी जाऊन बसतोस, तिथून तुला सहज उपसून काढता येत नाही. सैनिकांच्या बायकामुलांच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २१५ मायक्रोग्रॅमपर्यंत तू सापडलास. अमेरिकेत आज मर्यादा ५ ची आहे. दूषित विहिरी १९८५ मध्ये बंद झाल्या. त्या कुटुंबांना भरपाईसाठी दावा लावण्याचा स्वतंत्र कायदा मिळायला २०२२ उजाडलं.

कॅलिफोर्नियाने २०२३ पासून तुला ड्रायक्लीनिंगमधून घालवलं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने देशभरासाठी दहा वर्षांची मुदत ठरवणारा नियम केला. तुझ्या जागी पेट्रोलियमचे द्रव आणले, तर आगीची काळजी पुन्हा दारात येते. मला वेट क्लीनिंगचा भरवसा वाटतो: पाणी, बेताचा साबण, हळुवार फिरणारं यंत्र आणि नंतर ताणून केलेली इस्त्री. कोट, स्वेटर, बरंचसं रेशीमही त्यात निभावतं. त्यासाठी दुकानदाराला नवं यंत्र आणि प्रशिक्षण लागेल, त्याचा खर्च आम्ही गिऱ्हाइकांनी धुलाईच्या दरात सोसला पाहिजे.

तोवर जिथे तू आहेस तिथे यंत्र बंदिस्त हवं, खोलीला खेळती हवा हवी. यंत्रात उरणारा तुझा गाळ गटारात ओतला जाता कामा नये. पुढचा कपडा टाकताना दुकानदाराला मी पहिला प्रश्न त्या गाळाचाच विचारणार आहे.