दोघांचा किनाऱ्यावरचा दिवस

नाशिकच्या गंगापूर रोडवर सकाळी फिरायला निघणारी जोडपी आपण पाहिली असतील. पुष्कळदा एक जण चार पावले पुढे असतो आणि दुसरा मागून येत असतो. रोजच्या फेरीत याने काही बिघडत नाही. रस्ता ओळखीचा आणि घर जवळ असते. परंतु मुंबईहून जहाजाने निघून गोव्याच्या मुरगाव बंदरात एका दिवसापुरते उतरताना हेच चार पावलांचे अंतर जड जाते. पाहण्याची यादी लांब असते, ऊन चढत असते आणि सायंकाळी सुटणारे जहाज कोणासाठी खोळंबत नाही. पुढचा चिडतो, मागचा धापा टाकतो आणि रात्री दोघेही अबोल होतात. म्हणून किनाऱ्यावरच्या दिवसाचा पहिला नियम असा: गती दोघांत जो हळू चालतो त्याची, आणि स्थळे त्या गतीत मावतील तेवढीच.

याची तयारी घरूनच करावी. निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे गंगापूर नाक्यापासून आनंदवल्लीच्या दिशेने दोघांनी सोबत चालावे. चालता चालता बोलता यावे, इतकीच गती ठेवावी. ज्याचे गुडघे दुखतात त्याला किती मिनिटांनी बसावेसे वाटते, हे घड्याळ लावून पाहावे. उत्तर वीस मिनिटे आले, तर गोव्यात दर पंधरा मिनिटांनी बसायचे असे ठरवून टाकावे. नवी पादत्राणे याच रस्त्यावर पायांत रुळवावीत. नाशिकची हवा कोरडी असते, तेथे घाम लवकर सुकतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो सुकत नाही, त्यामुळे शरीर लवकर निवत नाही आणि थकवा अवचित येतो. तहान लागण्यापूर्वीच थोडे थोडे पाणी पिण्याची सवय आधीपासून लावलेली बरी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ते प्रमाण वैद्यांना विचारून ठरवावे.

जहाजातून उतरल्यावर काही काळ जमीनच हलते आहे असे वाटते. घाबरू नये, दहा मिनिटे सावलीत बसावे. बोट लागू नये म्हणून गोळी घेतली असेल, तर पुढे काही तास झोप व गुंगी येऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे. जहाजाचे ओळखपत्र, दिवसभराची औषधे आणि मधुमेह असल्यास चटकन खाता येईल असे काही गोड जवळ ठेवावे. आठ ठिकाणे दाखवणाऱ्या बसपेक्षा दिवसभराची गाडी दोघांना सोयीची पडते, कारण ती आपण म्हणू तेथे थांबते.

बंदरातून निघाल्यावर झुआरी ओलांडण्यापूर्वी कुठ्ठाळी लागते. श्रीमंगेशाचे मूळ स्थान येथले. १५६० मध्ये तो देव नदीपार प्रियोळला नेण्यात आला. पूल ओलांडून ऊन चढण्याआधी थेट जुने गोवे गाठावे. तेथे दोनच वास्तू पाहाव्यात. १६०५ मध्ये पूर्ण झालेले बॉम जेझूचे मंदिर बिनगिलाव्याच्या जांभ्या दगडात उभे आहे आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव तेथे आहे. समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारला गेला नाही. आत बाके आहेत, गारवा आहे. खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा.

बाहेर येऊन क्षणभर उभे राहा. एवढ्या थोर वास्तू, आणि भोवती शहर नाही. हे शहर मुख्यतः रोगराईने ओस पडले. सतराव्या शतकापासून साथींमागून साथी आल्या. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीतून घाण पाणी विहिरींत उतरत असे, हे त्याचे एक कारण इतिहासकार देतात. सत्ताधारी हळूहळू नदीच्या मुखाकडे सरकले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. सोने-मसाल्यांच्या व्यापाराने श्रीमंत झालेल्या नगरीला पिण्याचे स्वच्छ पाणी राखता आले नाही. आरोग्याचा याहून मोठा धडा कोणत्या संग्रहालयात मिळेल?

पणजी येथून दहा किलोमीटरांच्या आसपास आहे. चर्चच्या नागमोडी पायऱ्या खालूनही सुंदर दिसतात. चढल्याच पाहिजेत असे नाही. समोरच्या बागेत बसावे. तिला गार्सिया द ऑर्ता या वैद्याचे नाव आहे. तो १५३४ मध्ये गोव्यात आला, येथल्या वैद्यांशी बोलला, आणि हिंग, वेलची, आंबा, अफू अशा येथल्या द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पटकीच्या रोगाचे वर्णनही त्यात आहे. तो ज्यू वंशाचा होता. मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मन्यायालयाने त्याचे अवशेष उकरून जाळले. ज्ञान देणाऱ्याचे असे झाले, आणि तरीही बाग आज त्याच्या नावाने ओळखली जाते.

दुपारचे जेवण वेळेवर घ्यावे: भात, हुमण, सोलकढी. रक्तदाब असेल तर सुक्या सुंगटांची किसमूर आणि लोणचे चवीपुरतेच. जेवणानंतर अर्धा तास सावलीत विसावावे, मग मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा पाहावा. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. समोरच्या माणसाला तंद्री लागते ती प्रयोगकर्त्याच्या अंगच्या शक्तीने नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या मनामुळे, असे त्यांनी सांगितले.

येथे यादी बंद करावी. समुद्रकिनारा, बाजार, आणखी एक देऊळ असा आग्रह दोघांपैकी कोणी धरला, तर घड्याळ पाहावे. जहाजावर परतण्याच्या ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी पणजी सोडावी. रस्ता तीस किलोमीटरांच्या घरात आहे, परंतु वाहतुकीची खात्री नसते. छातीत दुखले, धाप थांबेना किंवा भोवळ आली तर जहाजाची वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा. परतीच्या वाटेवर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची परंपरा १८४२ मध्ये पणजीत निघालेल्या वैद्यकशाळेपर्यंत जाते.

केबिनमध्ये आल्यावर पाय उंच ठेवून पडावे आणि दिवसभरात काय आवडले ते एकमेकांना सांगावे. दोघांची उत्तरे बहुधा वेगळी निघतील. एकाला मनोरा आठवेल, दुसऱ्याला बागेतले बाक. ती ऐकून घ्यायला अंगात त्राण उरले असेल, तर दिवस चांगला गेला असे समजावे.