काळ्या रंगाचे गुण

शासकीय रेखाकला परीक्षेचे पेपर आम्ही बरीच वर्षे तपासले. एलिमेंटरीच्या गठ्ठ्यात एक प्रकार हमखास सापडे. स्मरणचित्रात रात्र दाखवायची असली, की पोरं आधी काळ्या रंगाची बाटली कागदावर उपडी करीत आणि मग त्या काळोखात माणसं शोधत बसत. रात्र काळी असते हे कबूल, पण कागदावरची रात्र दिसावी लागते. निवृत्तीनंतर आमच्यापुढे जे तपासायला आलं, त्याला मात्र कुठल्याच परीक्षेचा नमुना लागू नव्हता. टॅरोचे पत्ते! तेही साधे नव्हेत. कवट्या, शिंगं, पडके बुरूज, काळे पंख, अशा ज्या चित्रांना हल्ली 'डार्क फँटसी' म्हणतात त्यातले.

आणले आमच्या भाचीने. ती पुण्यात चित्रकला शिकते आणि पोरींच्या खोलीवर राहते. सुट्टीत आली तेव्हा दोन कॅट जाजमावर मांडून म्हणाली, "मामू, यातला कुठला जपून ठेवण्यासारखा आणि कुठला वाचण्यासारखा, तेवढं सांगा." टॅरोच्या भाषेत वाचणं म्हणजे पत्ते लावून त्यांचा अर्थ सांगणं.

आपाने, म्हणजे तिच्या अम्मीने, स्वयंपाकघरातूनच निकाल दिला. "ही भुतावळ माझ्या घरात नको. घरात फरिश्ते यायचे थांबतील."

चित्रांमुळे फरिश्ते येत नाहीत, हे आम्ही ड्रॉइंग टीचर झालो त्या दिवसापासून ऐकत आलो आहोत. त्यावर आमचं जे उत्तर आहे ते आमच्या पगारावर शिकलेल्या आपाच्या मुलांना ठाऊक आहे, म्हणून इथे वाढवत नाही. पण आपाची दुसरी हरकत आम्हालाही मान्य आहे. गैबची खबर अल्लाहखेरीज कुणाला नाही. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत शराब आणि जुगाराच्याच ओळीत नशीब काढण्याचे तीरही येतात. तेव्हा पत्ते पिसून कुणाची तकदीर सांगायची, हे आमच्याकडून होणार नाही. मात्र आपल्याकडे असलं काही कधी नव्हतंच, असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगू नये. हुमायून आणि जहाँगीर दीवान-ए-हाफिज उघडून फाल काढीत. पाटण्याच्या खुदाबख्श लायब्ररीतल्या प्रतीत त्यांच्या हातच्या नोंदी समासात आहेत. सोळाव्या शतकात इराणात शाह तहमास्पच्या काळी तर फालनामा नावाचा भलामोठा सचित्र ग्रंथ तयार झाला. फाल काढणाऱ्याने तो उघडायचा आणि समोर येईल ते चित्र बघायचं. त्या चित्रांत राक्षसही आहेत आणि सापही, पण रंग बघावेत तर सोन्याचे आणि लाजवर्दी निळ्याचे.

भाचीला आम्ही पत्त्यांची वंशावळ सांगितली, कारण ती या खेळाला 'वेस्टर्न' म्हणत होती. युरोपात पत्त्यांचे उल्लेख १३७० च्या दशकापासून सापडतात आणि ते तिकडे गेले मिसरच्या मामलुकांकडून. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात मामलुक पत्त्यांचा एक हाताने रंगवलेला कॅट १९३१ साली एल. ए. मेयर यांच्या नजरेस पडला. मुळातले ५२, त्यांतले ४७ उरलेले. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग. मलिक आणि नायब हे दरबारी पत्ते, पण त्यांवर माणसाचं चित्र नाही, हुद्दा सुलेखनात लिहिलेला. त्या नायबवरूनच स्पेनमध्ये पत्त्यांना आजही 'नाइपे' म्हणतात. पुढे १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत या चार रंगांना हुकमाच्या चित्रांची जोड मिळाली आणि ७८ पानांचा टॅरो झाला. तो खेळायचा खेळ होता. भविष्याची भानगड त्याच्यामागे नीट लागली ती अठराव्या शतकात. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने हे प्राचीन मिसरी ज्ञान असल्याचं लिहिलं. पुरावा काही दिला नाही. मिसरचं नाव मात्र योगायोगाने अर्धं बरोबर निघालं!

आपा मध्येच म्हणाली, "म्हणजे हेही आपलंच?" आम्ही गप्प बसलो.

आता तपासणी. पहिला कॅट 'डेव्हियंट मून', पॅट्रिक व्हॅलेन्झा या अमेरिकन चित्रकाराचा, यू. एस. गेम्स सिस्टिम्सने २००८ मध्ये काढलेला. याच्या पात्रांच्या कपड्यांचे पोत जुन्या थडग्यांच्या दगडांच्या फोटोंवरून घेतले आहेत आणि इमारती एका ओस पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळाच्या. हे ऐकून आपाने पदर सावरला. पण चित्रं बघा. निळसर रात्र, तीत पिवळा चंद्र, आणि माणसांच्या चेहऱ्यातच चंद्रकोरीची बाजू मिसळलेली, म्हणजे एकच चेहरा समोरूनही दिसतो आणि कडेनेही. मोठे गोल डोळे, टोकदार जोडे, सांध्यांत सैल असलेले हातपाय. आम्हाला चटकन आठवल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आणि त्यांच्या चित्रकथीतले ते टपोरे डोळे. व्हॅलेन्झाने पिंगुळीचं नावही ऐकलं नसेल. पण बाहुलीच्या अंगाने माणूस रंगवला की भीतीत थोडी गंमत शिरते, हे दोन्हीकडे कळलेलं आहे. पात्र रागावलंय की लाजलंय की फसवतंय, हे बोटांवरून समजतं. ७८ च्या ७८ पानांवर प्रसंग आहेत. नुसत्या पाच तलवारी मांडून चित्रकार मोकळा झालेला नाही.

दुसऱ्या कॅटचं नाव सांगत नाही. आम्ही विकत घ्यायला निघालो नव्हतो आणि बदनामीची हौसही नाही. डबा मखमली, कडांना चंदेरी मुलामा, पाठीवर कावळा. आत प्रत्येक पान काळं. काळ्यावर राखाडी कवटी, राखाडीवर काळा झगा. भाचीला म्हटलं, नावं झाकून यातला आनंदाचा पत्ता काढून दाखव. सूर्याचा पत्ता आणि मनोऱ्याचा पत्ता यांत तिला पाच मिनिटं फरक सापडेना. ज्या पानावर पोरं हसत असायला हवीत, तिथेही सांगाडेच.

संग्रहासाठी बघायचं ते वेगळं. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागिरांना गंजिफा रंगवताना आम्ही कितीदा बघत बसलो आहोत. मोगलांबरोबर आलेला खेळ, मूळचे रंग ताज, शमशेर, गुलाम असे आठ, पाने ९६. आपल्याकडे त्याचा दशावतार झाला आणि पाने झाली १२०. चिंचोक्याच्या खळीचा लेप आणि वर लाखेचा हात दिलेला तो गोल पत्ता हातात घेतला की त्याची किंमत बोटांनाच कळते. छापील टॅरोलाही तीच कसोटी लावावी. पान वाकवून सोडलं तर सरळ होतं का, पिसताना चिकटतं का, कडेचा रंग उडतो का. आवृत्ती कुठली, सोबतची पुस्तिका आहे का. पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड, आकार मूळच्यापेक्षा लहान आणि सावल्या एकमेकींत कालवलेल्या दिसल्या तर माल नकली समजावा. बाजारात तो ढिगाने आहे, आणि काळ्या चित्रांत नक्कल फार लवकर उघडी पडते, कारण काळ्याच्या छटा छापणं सगळ्यांत कठीण. हल्ली त्यात यंत्राने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. तिथे आम्ही हात आणि दागिने बघतो. अंगठी बोटात शिरते कुठून आणि निघते कुठून, हे यंत्राच्या अनेकदा लक्षात राहत नाही. संग्रहासाठी डेव्हियंट मूनला आम्ही 'अ' श्रेणी दिली. दुसऱ्याला डब्यापुरते गुण दिले.

वाचण्याचं काय, ते भाचीनेच रात्री गच्चीवर सांगितलं. तिची एक मैत्रीण नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जावं की नाही या घोरात होती. वडील इस्पितळात होते. एका रात्री तिने हट्टाने पत्ते लावायला लावले. हाताशी काळा कॅट होता. निघाला तलवारींचा छक्का. मैत्रिणीने चित्र बघितलं मात्र, किंचाळली आणि रात्री दोन वाजता घरी फोन लावून सगळ्यांना उठवलं. वडील झोपले होते, ठीक होते. पण त्या घरी पुढे आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही म्हणे.

आम्ही तो पत्ता मागवून घेतला. काळं पाणी, नाव, वल्ह्यावर झगा घातलेला सांगाडा, नावेत आडवं एक प्रेत. आता मूळ चित्र आठवा. आज चालणाऱ्या बहुतेक टॅरोंचं मूळ १९०९ सालच्या जोडात आहे. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांचं नाव त्या जोडाला लागलं. बाईंची पानापानावर फक्त बारीकशी सही आहे. मोबदला जुजबी मिळाला आणि १९५१ मध्ये त्या गरिबीतच वारल्या. त्यांच्या छक्क्यातही नाव आहे. नावाडी आहे, चादर ओढून बसलेली एक बाई आहे आणि तिला बिलगलेलं मूल. नावेच्या एका बाजूचं पाणी खळबळलेलं, दुसऱ्या बाजूचं शांत. अडचणीतून निघून पलीकडच्या काठाला जाणारी माणसं आहेत ती. पाठीत दहा तलवारी घुसलेल्या माणसाच्या पत्त्यावरही बाईंनी काळ्या आभाळाखाली पिवळी पट्टी ठेवली आहे.

काळ्या कॅटच्या चित्रकाराने पत्त्यावरचा प्रसंग वाचलाच नव्हता. त्याने मासला तेवढा ओळखला आणि नाव दिसताच प्रेत घातलं. भाचीचं म्हणणं असं, की टॅरो भविष्य सांगत नाही, आपल्या मनाशी बोलायला लावतो. असेल. पण मग बोलणाऱ्याला निदान चार शब्द तरी यायला हवेत, आणि या कॅटला एकच शब्द येत होता. ज्याचा बाप इस्पितळात आहे त्याच्यापुढे तो एक शब्द टाकणं, याला आम्ही खेळही म्हणणार नाही आणि कलाही. डेव्हियंट मूनसुद्धा अशा रात्री कुणापुढे मांडू नये, असं आम्ही तिला स्पष्ट सांगितलं. घाबरलेल्या माणसाला चित्र दिसत नाही, निकाल दिसतो.

डेव्हियंट मून आता आपाच्या परवानगीने पत्र्याच्या डब्यात आहे, कोकणच्या दमट हवेपायी आत सिलिकाच्या पुड्या घालून. परवानगीची अट एवढीच, की डबा कपाटात राहील आणि कपाट नमाजच्या खोलीत नसेल. काळ्या कॅटचा मखमली डबा आपाने सुईदोऱ्याला घेतला. पत्ते भाची परत घेऊन गेली, कोलाजला कागद चांगला आहे म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिने मोबाइलवर एक चित्र पाठवलं. स्वतःचा तलवारींचा छक्का. रात्रच आहे, काळी. नाव आमच्या खाडीतल्या होडीसारखी, बाईच्या डोक्यावर ओढणी, आणि लांबच्या काठावर एक कंदील. आम्ही कळवलं की कंदील योग्य जागी आहे, पण नावाड्याचं वल्हं फार आखूड झालंय, एवढ्याने त्याचा हात पाण्यापर्यंत पोचायचा नाही. पुन्हा काढ.