नरनाळ्याला जायचं ठरतंय

दिवाळीनंतर हिवरखेडला आले तेव्हा नरनाळ्याचा विषय मीच काढला. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. वाटलं होतं बाबा नाहीच म्हणतील. पण ते म्हणाले, "जाऊ न. म्या तरी कुठी पाह्यला हाये?"

मी चाटच पडले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. आमच्या धुऱ्यावर उभं राहिलं की उत्तरेला सगळा सातपुडा समोर असतो. पाऊस कधी येणार हे बाबा त्याच्याकडे बघून सांगतात. आणि नरनाळा पाहिलेलाच नाही? "पेरणी, डवरणी, येचणी. सवड कवा होती वं?" आत्याला इंदूरला दिलेलं, तेव्हा खंडव्याच्या मीटरगेज गाडीने वान रोड, धुळघाटवरून कितीदा तरी गेले. डोंगर पाहिला तो खिडकीतूनच. ती गाडीही २०१७ च्या जानेवारीत बंद झाली.

तर आता घरात रोज रात्री बैठक बसते.

बाबांना पायथ्यापासून पायीच चढायचं आहे. त्यांचा उजवा गुडघा गेली चार वर्षं बोलतो आहे आणि डॉक्टरांनी घरातल्या पायऱ्यासुद्धा कमी करा म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, वरपर्यंत गाडीरस्ता आहे, आपण गाडीने जाऊ. झालं! "मंग घरीच बसून फोटो पायतो." दोन दिवस अबोला. (आई मध्ये पडली नाही. तिला बहुतेक मजा वाटत होती.)

शेवटी तोडगा असा निघाला. अडगाव, आकोट, पोपटखेड करत पहाटेच शहानूरला पोचायचं. किल्ला मेळघाटच्या जंगलात, त्यामुळे फाटकावर नोंद, पैसे भरणं आणि अंधाराच्या आत खाली येणं आलंच. पायी सोडतात की नाही हे तिथेच विचारू. नाही सोडलं तर वाद संपला. सोडलं तर शहानूर दरवाजापर्यंत बाबांचं, पुढे माझं ऐकायचं.

खरं चालणं वरच आहे. किल्ला समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर, पण माथा भलाथोरला. १४८७ मधला महाकाली दरवाजा, शक्कर तलाव, नऊगजी तोफ. सगळं लांब लांब, मध्ये गवत आणि झाडी. सुटीचा दिवस टाळला तर माणूसही फारसं भेटत नाही म्हणे. सावकाश हिंडलं तर बाबांना जमेल. त्यातलं एखादं राहिलं तर राहिलं.

आईला रोडगे करायचे होते. तिच्या डोक्यात वारीच्या हनुमानाची सहल! अभयारण्यात चूल पेटवता येत नाही हे समजावताना माझी पुरेवाट झाली. आता कळण्याची भाकर, ठेचा, कांदा, आणि पाणी भरपूर.

असो. घाई का, तेही सांगते. वावर यंदा मक्त्याने दिलंय. ही वेचणी शेवटची. जानेवारीत आई-बाबा पुण्याला माझ्याकडे येतील. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. माझ्या खिडकीतून समोरची इमारत दिसते. बाबांनी ती गेल्या वर्षी येऊन पाहिली आहे आणि तिच्याबद्दल एक शब्दही बोललेले नाहीत.

काल त्यांनी स्वतःचे कॅनव्हासचे बूट धुऊन ओट्यावर वाळत टाकले. मग माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "वरून आपलं वावर दिसन का?"

इतक्या लांबून कसलं दिसतंय, असं तोंडावर आलं होतं. भाच्याची दुर्बीण मागून आणली आहे. बुधवारी निघतोय.