दुष्काळाचं निमित्त नको

2012 साली दोन गोष्टी एकदमच रखडल्या: मराठवाड्यातला पाऊस आणि माझं इंजिनिअरिंग. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मॅथ्सचे दोन्ही पेपर, मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स एवढं सगळं राहिलं होतं. दुसऱ्या वर्षात जायला जितके विषय निघावे लागतात, तितके निघाले नाहीत. थोडक्यात, वायडी, म्हणजे इयर डाऊन. बरोबरची पोरं पुढे गेली आणि मी ना धड कॉलेजात, ना धड घरी. तासांना बसायचं नाही, फक्त हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात राहिलेले पेपर द्यायचे. शिष्यवृत्तीचं विचारायला गेलो, तर खिडकीमागच्या बाबूंनी मान न उचलता सांगितलं, "आधी पास व्हा."

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. आमच्याकडे कॉलेज सोडणं किती जड जातं, ते बाहेरच्याला पटकन कळायचं नाही. आजोबांच्या तरुणपणी विद्यापीठ म्हटलं की हैदराबादचं उस्मानिया. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद झालं. मराठवाडा विद्यापीठ आलं 1958 साली. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या वेळी विद्यापीठ होतं, पण त्यांना दहावीनंतर मोसंबीच्या बागेत उतरावं लागलं. आमच्या घरातून इंजिनिअरिंगला गेलेला मी पहिला. सप्ताहाच्या पंगतीत माझी ओळख 'इंजिनिअर' अशीच करून दिली जायची. असा पोरगा परत आला, की घरच्यांच्या आधी गावच विचारतं, "काहून आला रे?"

उस्मानपुऱ्यात आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मेस परवडेना, तेव्हा घरून एसटीने डबा यायचा. कापडी पिशवीवर आईने निळ्या दोऱ्याने नाव भरलेलं. मध्यवर्ती बसस्थानकावर अंबडची गाडी लागली की डबेवाल्या पोरांची गर्दी उडायची. गाडीला उशीर झाला की भाजी आंबायची. मग भाकरीबरोबर ठेचा.

मी अभ्यास करत नव्हतो असं नाही. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत रात्री दिवे मालवेपर्यंत बसायचो. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मी, इंग्रजी पुस्तकातलं उदाहरण सोडवण्याआधी मनात त्याचं मराठी करायचो आणि तेवढ्यात पेपर संपायचा. ग्राफिक्सच्या शीट तर सगळे जीटी मारून पूर्ण करायचे. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब लावायचा, सिनिअरची शीट खाली, आपली वर, आणि दिसेल ती रेघ गिरवायची. सबमिशन व्हायचं. परीक्षेत खाली ना बल्ब असायचा, ना सिनिअर.

एकाच ठिकाणी माझं डोकं चालायचं, ते म्हणजे वर्कशॉप. फिटिंगच्या जॉबला लोखंडी पट्टी कानसून काटकोनात आणायची असते. पोरं दहा मिनिटं कानस मारून फोन बघत बसायची. मला मात्र कडेला गुण्या लावून खिडकीकडे धरायचा आणि फटीतून उजेड येतो का ते बघायचा नाद लागला होता. केसाएवढा उजेड दिसला तरी पुन्हा कानस. शेवटी उजेड बंद व्हायचा, तेव्हा जे वाटायचं ते मॅथ्सच्या कुठल्याच पानावर वाटलं नव्हतं. वर्कशॉपच्या सरांनी तो जॉब पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घेतला.

हिवाळी परीक्षेत मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स निघाले. मॅथ्सचे दोन्ही पेपर जसेच्या तसे. फेब्रुवारीत गावी गेलो, तेव्हा दुष्काळ अंगावर आला होता. विहीर तळाला गेलेली, जायकवाडीचं पाणीही तळाशी. जालना जिल्ह्यात त्या वर्षी मोसंबीच्या बागा सरपणाच्या भावात गेल्या. अण्णांनी टँकरने पाणी घालून निम्मी बाग धरून ठेवली होती, निम्मी तोडली होती. बांधावर बुंधे रचून ठेवलेले आणि करवतीच्या जागी लाकूड अजून पिवळं.

मला तिथे आयती वाट दिसली. दुष्काळामुळे शिक्षण सोडलं, असं सांगितलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. उलट हळहळले असते. त्या वर्षी तशी खरोखरच सोडणारी पोरंही होती. सरकारने टंचाईग्रस्त गावांतल्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ केली होती, पण खोलीभाडं आणि डबा कोण माफ करणार?

रात्री अंगणात मी विषय काढला. "अण्णा, एवढं पाणी विकत घेता, वरून माझी फी. मी येतो घरी."

अण्णा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "दुष्काळाचं निमित्त नको करू. उद्या पाऊस पडल्यावर काय सांगशील? तुला झेपंना का, तेवढं बोल."

"मॅथ्स नाही झेपत."

"मग तसं म्हण की. फीचं मी बघतो. तुहं तू ठरव."

आई आतून म्हणाली, "आन् जेवण झाल्यावर ठरवा."

औरंगाबादला परतल्यावर पहिल्यांदा नीट विचार केला. पैसा नाही, भाषा अडते, विषय कळत नाही आणि मन लागत नाही, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. मी चारही एकत्र करून त्यांना 'इंजिनिअरिंग जमत नाही' असं नाव दिलं होतं. पैशाचं अण्णा बघणार होते. भाषा हळूहळू सुधारत होती. मशीन आणि लोखंड यांवरून मन उडालं नव्हतंच. अडत होतं ते गणित, आणि पुढची दोन वर्षं तेच वाढत्या मापात समोर येणार होतं.

वर्कशॉपच्या सरांना गाठलं. त्यांनी उपदेश केला नाही, मार्क विचारले. "बारावी सायन्स आहे ना? मग पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा. पुढे वाटलं तर डिप्लोमावरून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात परत येता येतं." ही वाट मला वर्षभर कुणीच सांगितली नव्हती. मीही कुणाला विचारली नव्हती, कारण नापास पोरगा माणसं टाळतो.

उन्हाळी पेपर दिले, सोडायचं म्हणून टाकून दिले नाहीत. मॅथ्सचा पहिला पेपर, एम-वन, निघाला; दुसरा, एम-टू, नाही. मग कागद काढायला गेलो, तर कॉलेजने मूळ कागदपत्रं अडवली. आधी पुढची फी भरा म्हणाले. अण्णा स्वतः आले, टोपी काढून ऑफिसात बसले आणि कागद हातात पडेपर्यंत उठले नाहीत. पुढे 2018 मध्ये मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने कॉलेजांना लेखी बजावलं. पण त्या दिवशी आमच्याकडे तेवढं बसणंच होतं.

उस्मानपुऱ्यातल्याच शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला दुसऱ्या वर्षाला लागलो. खोली तीच, डबा तोच. गावात 'डिग्रीवरून डिप्लोमावर आला' अशी चर्चा झाली आणि दोन लग्नसराईंत विरली. डिप्लोम्यातही गणित होतं आणि तिथेही घाम फुटला, पण सुटलं. त्यानंतर वर्षभर अप्रेंटिसशिप, मग चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये छोटा कोर्स. 1985 च्या सुमारास बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांचं जाळं वाढलं. त्यातल्याच एका टूल रूममध्ये आज मी डाय डिझाइन करतो. पदवी अजून नाही.

खोलीतल्या दुसऱ्याने चिकाटीने सगळे विषय काढले. तो पुण्यात चांगल्या नोकरीला आहे आणि त्याचा निर्णयही बरोबर होता. तिसऱ्याने एका रात्री बॅग भरली. ना पेपर दिले, ना टीसी काढला. नंतर शिकायचं मनात आलं, तेव्हा त्याची दोन वर्षं कागद जुळवण्यातच गेली.

आता वाटा वाढल्या आहेत. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने पदवी अर्ध्यात थांबवली तर पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाचा डिप्लोमा अशी सोय मांडली आहे. मिळवलेले क्रेडिट सात वर्षं जमा राहतात. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच. तुमच्या अभ्यासक्रमाला यातलं काय लागू होतं, ते विद्यापीठात जाऊन विचारा. मित्राच्या मित्राकडून ऐकू नका.

कॉलेज सोडायचं मनात असेल, तर निकालाच्या आठवड्यात ठरवू नका. नेमकं काय अडतंय ते कागदावर लिहा, त्यातलं पैशाचं वेगळं काढा आणि घरी खरं कारण सांगा. पुढचा प्रवेश हातात आल्याशिवाय आधीचा सोडू नका. एवढं करूनही सोडावंसं वाटलं, तर खुशाल सोडा.